देवमाशाचं पोट वाचायचंय ना, मग आधी गढीवर जा

प्रिय पोरी,

तुझा मेसेज परवाच वाचला, उत्तराला उशीर झाला. सर, मी परभणीची, समुद्र एकदाच बघितला तो पण सहलीत, मला किनाऱ्याला लागलेल्या देवमाशांच्या आहाराचा अभ्यास करता येईल का, असं विचारायलीस. येईल की. मी पण इकडचाच, कोकणात पोचायचं म्हणजे एसटीत अख्खी रात्र जायची, तरी जात होतो.

आणि तू व्हेटर्नरीची आहेस म्हणजे निम्मं काम तुला येतंच. गायीचं रूमेन, म्हणजे पोटाचा पहिला मोठा कप्पा, उघडून कॅरीबॅगा आणि सुतळीचा तो घट्ट पिळा बाहेर ओढताना तू बघितलंयस. देवमासा त्याच गोतावळ्यातला, पाणघोडा त्याचा सगळ्यात जवळचा भाऊबंद, आणि पोट पण कप्प्याकप्प्यांचं, बहुतेक जातींत पहिल्या कप्प्याच्या भिंतीत पाचक ग्रंथी नसतात, तिथं अन्न नुसतं घुसळलं जातं. २०१८ ला इंडोनेशियात वाकाटोबीला एक स्पर्म व्हेल मेलेला सापडला, पोटात ५.९ किलो प्लास्टिक, त्यात ११५ कप आणि दोन चपला. ते वाचलं तेव्हा मला आपल्या बसस्टँडवरच्या गायी आठवल्या, खरं सांगतो.

पण एक गोष्ट आत्ताच डोक्यात पक्की बसव. पोटात दिसतं ते उरलेलं असतं, खाल्लेलं सगळं नाही. माकूलची, म्हणजे स्क्विडची चोच कायटिनची, झिंग्याच्या कवचात असतं त्याच पदार्थाची, ती पचत नाही, पोटात साचत जाते, एकाच स्पर्म व्हेलच्या पोटात १८,००० चोची मोजल्याची नोंद आहे. माशाच्या कानातला खडा, म्हणजे ओटोलिथ, तो कॅल्शियम कार्बोनेटचा, आम्लात विरघळतो, आणि मऊ अंगाचा जीव तर काहीच खूण ठेवत नाही. म्हणून नुसत्या चोची मोजल्या की वाटतं हा फक्त माकूलच खातो. त्यात किनाऱ्याला लागलेलं जनावर बऱ्याचदा आजारी, कित्येक दिवसांचं उपाशी, शेवटी काठाजवळ जे मिळालं ते गिळलेलं, त्यावरून धडधाकट जनावर काय खातं ते कसं ठरवणार? तू आजारी बैलाच्या गव्हाणीवरून गावाचा चारा ठरवशील का?

म्हणून कातडीचा, स्नायूचा तुकडा पण घ्यायचा. त्यातला जड नायट्रोजन, नायट्रोजन-१५, भक्ष्य-भक्षकाच्या प्रत्येक पायरीला हजारी साधारण ३ ते ४ ने वाढतो, त्यावरून कळतं की जनावर छोटे झिंगे खात होतं की मोठे मासे. बिनदाताच्या देवमाशाच्या तोंडातली बलीनची पट्टी (दातांच्या जागी असते ती गाळणी) तर नखासारखी वाढत जाते, ती टोकापासून मुळापर्यंत थोड्या थोड्या अंतरावर तपासली की काही वर्षांचं खाणं ओळीनं समोर येतं. पोट शेवटच्या दिवसांचं सांगतं, पट्टी मागच्या वर्षांचं. दोन्ही शेजारी ठेवून बघायला शीक.

माझ्या पहिल्या वेळी आम्ही पोटातलं सगळं एकाच फॉर्मलिनच्या बादलीत टाकलं. महिन्याभरानं उघडलं तर ओटोलिथच्या कडा फॉर्मलिनच्या आम्लानं खाऊन गेलेल्या, मासा कुठल्या जातीचा तेच ओळखू येईना. ते जनावर परत येणार नव्हतं. अजून आठवलं की पोटात कालवतं. म्हणून सांगतो, ओटोलिथ धुवून कोरडे ठेवायचे, चोची ७० टक्के अल्कोहोलमध्ये, कारण चोच वाळली की आकसते, वाकडी होते आणि मग माप चुकतं. आणि पोट उचलायच्या आधी दोन्ही तोंडं दोरीनं घट्ट बांधायची, नाहीतर निम्मा पुरावा वाळूत.

आता घरबसल्या काय करायचं ते. तुमच्याकडं पडकी गढी असेलच, तिथं गव्हाणी घुबड राहतं, त्याच्या बसायच्या जागेखाली काळे गोळे पडलेले असतात, त्यानं ओकलेले, न पचलेल्या केसांचे आणि हाडांचे. ते आण (हातमोजे घालून), कोमट पाण्यात भिजव, चाळणीत हळू धू, उंदरांचे खालचे जबडे डावे-उजवे वेगळे काढ. डावे सात, उजवे पाच निघाले तर उंदीर कमीत कमी सात. ओटोलिथचं पण हेच गणित. चोचीत वरचा-खालचा भाग बघायचा, जात आणि वजन बहुतेक खालच्या चोचीवरून काढतात.

ओटोलिथ काढायला नाथसागरातल्या रोहू-कटल्यापासून सुरुवात करू नको, त्यांचा तो खडा सुईसारखा बारीक, हाताला लागत नाही आणि तू कंटाळशील. संभाजीनगरला बर्फातला समुद्राचा मासा येतो, तिथून ढोमा घे, त्याचे खडे चांगले मोठे असतात, आणि एखादं माकूल चोचीसकट.

किनाऱ्यावर मात्र एकटीनं कधीच जायचं नाही. वन्यजीव कायद्याखालचं जनावर आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय दात सुद्धा उचलायचा नाही. सडलेल्या धडात गॅस कोंडलेला असतो, २००४ ला तैवानमध्ये स्पर्म व्हेल भर रस्त्यात फुटला होता. आणि ब्रुसेला हा जंतू त्यांच्यात पण असतो, गोठ्यात सांसर्गिक गर्भपाताच्या गायीपाशी जशी काळजी घेतेस तशीच घे, मास्कसकट.

दिवाळीच्या सुट्टीत गढीवर जाऊन ये. गोळे धुतले की जबड्यांचे फोटो पाठव, शेजारी पट्टी ठेवून काढ म्हणजे माप कळेल, आणि गोळा कुठल्या तारखेला उचलला ते चिठ्ठीवर पेन्सिलनं लिही, पेनची शाई पाण्यात पसरते.

तुझा,
सर