आधी त्या मुलीला उत्तर दे

प्रिय ताई,
माझं वय 34. जन्मापासून ख्रिस्ती मंडळीत वाढले. दीड वर्षापूर्वी धाकटी बहीण कर्करोगानं गेली. मंडळीनं उपास धरले, रात्रभर साखळी प्रार्थना केली. त्यानंतर माझा विश्वास उडत चाललाय. डोळे मिटते, तर ऐकणारं कुणी आहे असं वाटतच नाही. येशूचं पुनरुत्थान, मेल्यावर पुन्हा उठणं, तरी खरंच झालं का, असं मनात येतं. संडे स्कूलला शिकवत असल्यामुळे हे बोलायचीही चोरी. मागे एका मुलीनं विचारलं, ‘सगळ्यांनी प्रार्थना केली तरी माझे पप्पा का गेले?’ तेव्हाही ‘देवाची इच्छा’ म्हणून वेळ मारून नेली आणि पुढचा पाठ घेतला. पुनरुत्थानाचे पुरावे देणारं काही वाचायला सुचवाल का? शिकवणं सोडू का? पाळकांना सांगू का?

*

तुझे तिन्ही प्रश्न तुझ्याबद्दलचे आहेत. चौथा त्या मुलीचा आहे आणि तो तू दोन ओळींत उरकलास. ते वाचून मला तुझा राग आला.

बहिणीला माती दिली त्या दिवशी हेच दोन शब्द तुझ्या कानावर आले नसतील, यावर माझा विश्वास बसत नाही. तेव्हा पोटात काय कालवलं ते आठव. तेच शब्द तू बाप गेलेल्या लेकराच्या हातावर ठेवलेस आणि पान उलटलंस. त्यानंतर तिनं वर्गात काही विचारलं का? तू लिहिलेलं नाहीस. मला वाटतं, नसेल विचारलं.

तिचा प्रश्न तुझाच होता. वर्षभर जे तुला कुणापाशी बोलता आलं नाही, ते ती सगळ्यांदेखत मोठ्यानं बोलली. म्हणून तुला तिच्यासमोर थांबवेना. हे मला कळतं, पण तिला कसं कळावं? तिला एवढंच कळलं की असलं काही इथे विचारायचं नसतं.

बायबलमधल्या ईयोबाचे मित्र आठव. मुलंबाळं, संपत्ती, आरोग्य, सगळं गमावून बसला होता तो. त्याची दशा पाहून ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, कुणी चकार शब्द काढला नाही. तोवर ते चांगले मित्र होते. मग त्यांनी तोंड उघडलं आणि देवाची बाजू मांडायला लागले. ईयोबाच्या पुस्तकाच्या बेचाळिसाव्या अध्यायात देव कुणावर संतापला? रडणाऱ्या, भांडणाऱ्या, जाब विचारणाऱ्या ईयोबावर नाही. माझ्याविषयी माझा सेवक ईयोब जसं यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत, असं त्यानं त्या मित्रांनाच सुनावलं.

आता योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय काढ. लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेत. मार्था वाटेतच येशूला गाठते आणि म्हणते, प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळानं मरीया येते, पायांवर कोसळते आणि तेच म्हणते. दोघी बहिणी, एकच तक्रार. तुझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न याहून वेगळा आहे का? येशू कुणालाच दटावत नाही. मार्थेशी पुनरुत्थानाविषयी बोलतो, कारण ती बोलण्याच्या स्थितीत आहे. मरीया रडते आहे, तिला तो काहीच समजावत नाही. लाजराला कुठे ठेवलंय ते विचारतो आणि रडतो. लाजराला मरणातून उठवायचं हे आधीच ठरवून आला होता, तरी रडतो.

यावर तू म्हणशील, लाजर उठला, माझी बहीण नाही उठली. खरं आहे. त्या मुलीचे पप्पाही उठलेले नाहीत, आणि यांना का नाही, याचं उत्तर माझ्यापाशी नाही. ते असल्याचा आव आणणाऱ्यापासून त्या मुलीला लांब ठेव. पण ज्याची आशा पक्की होती त्यानंही रडणं टाळलं नाही, ही गोष्ट मी विश्वासानं धरून आहे, तुझ्याइतक्या वाईट दिवसांतही धरली आहे.

म्हणून येत्या रविवारी एकच काम कर. आधी तिच्या आईशी बोल, काय सांगणार आहेस ते सांग. मग वर्ग सुटल्यावर मुलीला आईसमोरच जवळ बसव आणि म्हण, ‘त्या दिवशी तू विचारलंस आणि मी नीट उत्तर दिलं नाही. माझं चुकलं. मला उत्तर माहीत नाही. माझी बहीण गेली तेव्हा मीही देवाला हेच विचारलं, अजूनही विचारते.’ तुझ्या सगळ्या शंका तिच्यापुढे मांडू नकोस, ते ओझं तिचं नाही. पप्पांबद्दल विचार आणि ऐक. तिला चालणार असेल तर तेरावं स्तोत्र दोघी मिळून मोठ्यानं वाचा. ‘हे परमेश्वरा, कुठवर?’ अशीच त्याची सुरुवात आहे. अठ्ठ्याऐंशीवं तुझ्यासाठी, घरी वाच. ते अंधारातच संपतं, शेवटी दिलासा नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे.

राहिले तुझे तीन प्रश्न. वाचायचंच तर करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायापासून सुरुवात कर. पुनरुत्थित येशू पाचशेहून अधिक जणांना एकाच वेळी दिसला आणि त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत, असं प्रेषित पौल त्या पत्रात लिहितो. तपासून बघ. पण तुझी शंका बहिणीच्या खाटेशेजारी सुरू झाली, ती नुसत्या पुराव्यानं मिटेल असं मला वाटत नाही.

शिकवणं सोडू नकोस. येशू उठला हे मी मानणार नाही, असं त्याचा शिष्य थोमा यानं बाकीच्या शिष्यांना तोंडावर सांगितलं होतं, तरी आठ दिवसांनी तो त्याच घरात त्याच शिष्यांबरोबर होता. त्याला कुणी हाकललं नव्हतं. फक्त जे तुला पटलेलं नाही ते पटल्यासारखं शिकवू नकोस. हवं तर काही महिने गोष्टी आणि स्तोत्रं घे.

पाळकांना सांग, पण त्या मुलीशी बोलून झाल्यावर. तिनं आणखी काही विचारलं आणि उत्तर सुचलं नाही, तर तसंच सांग. आणि पुढच्या रविवारीही वर्गाला जा.