सिम्युलेटर कट्टा : मास्क आहे, तरी डोळ्यांपुढे अंधार

या वेळच्या पत्रांत डीसीएस या संगणकावरच्या उड्डाण सिम्युलेटरमधल्या लढाऊ जेटच्या ऑक्सिजनबद्दल बरीच विचारणा आहे. त्यातली चार पत्रं घेतली आहेत.

एफ-18 घेऊन 30 हजार फुटांच्या वर गेलं की थोड्याच वेळात पडदा काळवंडतो. ओबॉग्सचं (विमानातच ऑक्सिजन तयार करणाऱ्या यंत्रणेचं) बटण चालूच असतं. मग राहतंय काय? (एक वाचक, परभणी)

दोन जागा बघा. पहिली डाव्या कन्सोलवर. ओबॉग्सच्या बटणाजवळच ऑक्सिजन फ्लोचा वेगळा नॉब आहे. बटण चालू आणि नॉब बंद असेल, तर ऑक्सिजन तयार होतो, पण मास्कपर्यंत पोचत नाही.

दुसरी जागा जास्त फसवी आहे. इंजिन सुरू करताना फायर आणि ब्लीड एअरची टेस्ट केली की ब्लीडचे व्हॉल्व्ह बंद होतात आणि आपण होऊन उघडत नाहीत. उजव्या कन्सोलवरचा ब्लीड एअर नॉब ऑफवरून नेत पूर्ण एक फेरा फिरवून परत नॉर्मवर आणावा लागतो. नॉब आधीपासून नॉर्मवरच दिसतो, म्हणून त्याला कुणी हात लावत नाही. ब्लीड म्हणजे इंजिनातून घेतलेली दाबाची हवा. ओबॉग्स त्याच हवेतून ऑक्सिजन काढतो आणि केबिनमध्ये दाबही तिनंच भरतो. त्यामुळे एक फेरा विसरला की दोन्ही गोष्टी एकदम जातात.

हे 30 हजारांवर जाऊन कळण्याची गरज नाही. केबिनचा वेगळा अल्टिमीटर असतो. 8,000 फुटांपर्यंत तो विमानाबरोबर चढतो, पुढे बाहेर साधारण 24 हजार होईपर्यंत 8,000 च्या आसपास थांबतो. त्यानंतर केबिनमध्ये बाहेरपेक्षा 5 पीएसआय (चौरस इंचाला पौंड) जास्त दाब राखला जातो, म्हणजे 40 हजारांवर केबिन साधारण साडेसोळा हजारांवर असते. तुमचा काटा 12 हजारांवरही विमानाच्या उंचीबरोबर चढत असेल, तर तिथंच थांबा. केबिन प्रेशरचं बटण डंपवर (म्हणजे दाब बाहेर सोडून देण्यावर) तर नाही ना, ईसीएस, म्हणजे केबिनची हवा सांभाळणारी यंत्रणा, ऑटोवर आहे ना, हेही त्याच वेळी पाहून घ्या.

काही विमानांत ओबॉग्स, काहींत लॉक्स (द्रव ऑक्सिजन). उडवणाऱ्याला काय फरक पडतो? (बारावीचा विद्यार्थी, लातूर)

पुष्कळ पडतो. कोविडच्या काळात जिल्हा रुग्णालयांच्या आवारात दोन गोष्टी उभ्या राहिल्या: द्रव ऑक्सिजनची उंच टाकी आणि हवेतून ऑक्सिजन काढणारा पीएसए प्लांट. विमानातला लॉक्स ही ती टाकी, ओबॉग्स हा तो प्लांट. प्लांटमध्ये झिओलाइटचे दाणे दाबाखाली नायट्रोजन धरून ठेवतात आणि जास्तीत जास्त 93 ते 95 टक्के शुद्ध ऑक्सिजन पुढे सोडतात. उरतो तो मुख्यतः आर्गॉन. दोन डबे आळीपाळीनं चालतात, एक काम करतो तेव्हा दुसरा नायट्रोजन बाहेर टाकतो. तेजससाठी डीआरडीओच्या बेंगळुरूच्या डेबेल प्रयोगशाळेनं बनवलेली ओबॉग्सवर आधारित यंत्रणा मार्च 2025 मध्ये 50 हजार फुटांपर्यंत तपासली गेली.

ओबॉग्स संपत नाही, पण ब्लीड गेलं की तोही गेला. लॉक्सला इंजिनाशी देणंघेणं नाही, पण तो संपतो. एफ-16 आणि ए-10 मध्ये उणे 183 अंशांना उकळणारा 5 लिटर द्रव असतो. एका लिटरचा सुमारे 860 लिटर वायू होतो, म्हणजे एकूण जवळपास 4,300 लिटर. केबिन 8,000 फुटांवर, रेग्युलेटर 100 टक्क्यांवर (म्हणजे केबिनची हवा न मिसळता नुसता ऑक्सिजन) आणि मिनिटाला 15 लिटर श्वास धरला, तर विरळ हवेमुळे प्रत्यक्षात 11 लिटरच खर्च होतात. हिशेब सहा तासांच्या पुढे जातो. केबिन जितकी उंच तितका एका श्वासात वायू कमी, म्हणून 100 टक्क्यांवर लॉक्स खाली लवकर आणि वर उशिरा संपतो. बहुतेकांना उलटं वाटतं.

एफ-16 च्या ऑक्सिजन पॅनेलवर तीन लिव्हर आहेत. कोणता कुठे ठेवायचा? (दोन मित्र, नांदेड)

सप्लाय पीबीजीवर, डायल्यूटर नॉर्मवर, इमर्जन्सीचा लिव्हर नॉर्मलवर. पीबीजी म्हणजे वळणात अंगावरचा भार वजनाच्या चौपट झाला (4 जी), की त्यापुढे मास्कमधला दाब वाढतो आणि वळणात श्वास घेणं सोपं जातं. डायल्यूटर नॉर्मवर असताना ऑक्सिजनमध्ये केबिनची हवा मिसळते आणि केबिन चढेल तशी ती कमी होत जाते. धूर आला, वास आला किंवा डोकं जड वाटतंय अशी शंका आली, की डायल्यूटर 100 टक्क्यांवर आणि इमर्जन्सी पुढे. काम झालं की इमर्जन्सी परत नॉर्मलला आणा. तो लिव्हर पुढे राहिला आणि मास्क जरा सैल असला, तर ऑक्सिजन सतत वाहत राहतो.

उड्डाणाआधी गेजवर 50 ते 120 पीएसआय दाब हवा आणि फ्लोची खिडकी श्वासाबरोबर पांढरी-काळी व्हायला हवी. ऑक्सिजन लोचा दिवा अर्धा लिटर उरला की लागतो, तसाच दाब 42 पीएसआयच्या खाली गेला तरी लागतो. दिवा लागला म्हणजे टाकी रिकामी असं धरू नका. आधी साठ्याचा आणि दाबाचा असे दोन्ही गेज वाचा.

केबिनचा दाब उंचावर अचानक गेला तर हातात किती वेळ असतो? आणि जोरदार वळणात येणारा अंधार हाही ऑक्सिजनचाच का? (एक वाचक, बीड)

ऑक्सिजनशिवाय शुद्धीत राहून काम करता येईल असा वेळ 25 हजारांवर 3 ते 5 मिनिटं, 30 हजारांवर 1 ते 2, 35 हजारांवर 30 ते 60 सेकंद, 40 हजारांवर 15 ते 20 सेकंद. दाब झटक्यात गेला तर हा वेळ जवळपास निम्मा. म्हणून आधी ऑक्सिजन, मग दुरुस्ती. एफ-18 मध्ये ओबॉग्स बिघडला असेल तर खुर्चीच्या डाव्या बाजूची हिरवी कडी ओढा. ती बाटली साधारण 10 मिनिटं पुरते. मग थ्रॉटल आयडल, स्पीडब्रेक बाहेर, नाक खाली, 10 हजार फुटांपर्यंत. मात्र कॉकेशसच्या नकाशात एल्ब्रुसचं शिखर 5,642 मीटर, म्हणजे साडेअठरा हजार फूट आहे. ढगातून खाली येण्याआधी नकाशा बघा. 40 हजारांच्या पुढे 100 टक्के ऑक्सिजनही अपुरा पडतो, कारण हवेचा एकूण दाबच फार कमी असतो. तिथं दाबानं ढकललेला ऑक्सिजन लागतो.

वळणातला अंधार वेगळा. तिथं ऑक्सिजन आहे, पण रक्त डोक्यापर्यंत चढत नाही. स्टिक सैल केली की काही सेकंदांत दिसायला लागतं. सरळ उडतानाही पडदा उजळत नसेल, तर केबिनच्या काट्याकडे बघा.