नळ आहे, पण भरतं कोण?

प्रिय पोरी,

मुलांच्या गरिबीच्या पाहणीचा तुझा फॉर्म वाचला. बारा पानांतली चार नुसती कमाईची. इतकी नकोत. नवी मुंबईतल्या दिघ्याच्या चढावरच्या घरांत कमाई विचारलीस की बाप चांगल्या आठवड्याचा हिशेब सांगतो, आई वाईट आठवड्याचा, आणि दोघंही खरंच सांगत असतात. नाक्यावरच्या कामाचं असंच असतं. त्यापेक्षा खर्च विचार, तो जरा तरी हाताला लागतो.

तोही घराचाच असतो म्हणा. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साठी शहरातली दारिद्र्यरेषा निघाली दरमाणशी दरमहा १,००० रुपये. म्हणजे पाच माणसांच्या घराने महिन्याला पाच हजारांच्या वर खर्च केला की ते घर सुटलं. त्यातलं कोणाच्या ताटात किती पडलं, हे रेषेला कुठून कळणार?

माझीच एक चूक सांगते. टेम्पो चालवणाऱ्याचं घर होतं. पत्र्याचं, पण गॅस, टीव्ही, सगळं. "मुलं शाळेत जातात?" "जातात की, तिघंही." मी तिन्ही रकान्यांत 'होय' लिहिलं. सही राहिली होती म्हणून दुसऱ्या दिवशी साडेअकराला परत गेले, तर तेरा वर्षांची थोरली गल्लीच्या नळावर. पुढ्यात चार हंडे आणि एक निळा ड्रम, कडेवर धाकटा. पाणी अकराला यायचं, एकला जायचं, आणि आई त्या वेळेला दुसऱ्यांच्या घरी भांडी घासत असायची. आई माझ्याशी खोटं बोलली नव्हती, पोरीचं नाव पटावर होतंच. आठवड्यातले किती दिवस जाते, हे मीच विचारलं नव्हतं. माझ्या फॉर्मवर नळ 'आहे', शाळा 'आहे'. नळापायी शाळा बुडते, हे लिहायला रकानाच नव्हता.

नीती आयोगाचा बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक नीट वाच. आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान, तिघांना सारखं वजन, मिळून १२ निर्देशक. घरात ज्या गोष्टी नाहीत त्यांच्या वजनांची बेरीज एक तृतीयांशावर गेली की घर गरीब. २०१५-१६ मध्ये देशात २४.८५ टक्के लोक त्यात होते, २०१९-२१ मध्ये १४.९६ टक्के. ही घट मोठी आहे, उगाच नाक मुरडू नकोस. पण व्याख्यांची पानं उलगडून बघ. शाळेची हजेरी आठवीपर्यंतच्या वयाचीच धरली आहे. नववीत घरी बसवलेली पोरगी त्यात येत नाही. पोषणाचे आकडे येतात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतून. तिथे उंची-वजन घेतात ते पाच वर्षांखालच्यांचं आणि मग एकदम पंधराच्या पुढच्यांचं. अंगणवाडीच्या काट्यावरून उतरलेलं पोर मधली दहा वर्षं त्या पाहणीच्या काट्यावर चढतच नाही! (२०१६-१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण पाहणीत १९ वर्षांपर्यंतची मुलं घेतली होती. ती जरूर बघ.)

म्हणून तुझ्या फॉर्ममध्ये ओळ घराची नको, मुलाची ठेव. तीन पोरं तर तीन ओळी. युनिसेफसाठी ब्रिस्टल विद्यापीठाच्या लोकांनी २००३ मध्ये अशीच मुलामागे मोजणी केली होती: अन्न, पाणी, शौचालय, आरोग्य, निवारा, शिक्षण, माहिती. पैसा त्या यादीत नाही.

आणि प्रत्येक गोष्टीची टक्केवारी सुटी काढून थांबू नकोस. दहा टक्क्यांना पाणी नाही आणि दहा टक्क्यांची शाळा बुडते, यावरून ती पोरं तीच की वेगळी ते कळत नाही. अल्कायर आणि फॉस्टर या अर्थतज्ज्ञांची रीत इथे कामाला येते: गरिबांचं प्रमाण गुणिले त्यांना सरासरी किती गोष्टी नाहीत ते. शंभरातली वीस मुलं गरीब आणि त्यांना सरासरी निम्म्या गोष्टी नाहीत, तर ०.२० गुणिले ०.५०, म्हणजे ०.१०. उद्या त्याच विसांचा दवाखानाही तुटला तर मुलं वीसच राहतील, पण आकडा चढेल. नुसती डोकी मोजणाऱ्याला तो चढलेला दिसत नाही.

शौचालयाचा प्रश्नही बदल. 'आहे का' एवढ्यावर भागत नाही. सार्वजनिक असेल तर रात्री दार उघडं असतं का, आणि पोरगी एकटी जाते की कोणाला तरी उठवून नेते, हे विचार. आईसमोर विचारलंस तर आईच उत्तर देईल, तेव्हा जरा बाजूला घेऊन विचार.

रविवारी जाऊ नकोस, त्या दिवशी सगळीच पोरं घरी असतात. मधल्या वारी, पाण्याच्या वेळेला जा. आता दिघा गाव स्टेशन झालंय, आमच्यासारखं ऐरोलीला उतरून मागे यायला नको. पहिल्या दिवशी फॉर्म बॅगेतच राहू दे. नळापाशी उभी राहा आणि रांगेत शाळेच्या वयाची किती आहेत ते मोज. तो आकडा मला कळव, मग तुझी चार पानं कुठे छाटायची ते बसून ठरवू.

तुझी,
ताई