'एर्तुग्रुल' या तुर्की नावाचा अर्थ काय आणि ते आलं कुठून?

हे अस्सल तुर्की नाव आहे, अरबी-फारसी नव्हे. 'एर' म्हणजे मर्द, शूर गडी आणि 'तुग्रुल' म्हणजे जुन्या तुर्की कथांमधला शिकारी पक्षी, ससाण्याच्या जातीतला. दोन्ही मिळून 'ससाण्यासारखा वीर' असं काहीसं. सेल्जुक या मध्ययुगीन तुर्की घराण्याच्या सत्तेचा पाया घालणाऱ्या तुग्रुल बेगच्या नावात हाच पक्षी आहे.

नाव गाजलं ते उस्मानी (ऑटोमन) घराण्याचा संस्थापक पहिला उस्मान याच्या वडिलांमुळे. त्यांची कबर तुर्कस्तानातल्या स्योयुत गावी दाखवतात. मात्र त्यांच्याबद्दलची खात्रीची माहिती जेमतेम आहे. उस्मानच्या नाण्यावर 'एर्तुग्रुलचा मुलगा उस्मान' असं कोरलेलं आहे, हा त्यातला भक्कम पुरावा. बाकी बहुतेक नंतरच्या बखरींतलं, त्यामुळे एर्तुग्रुलवरच्या तुर्की टीव्ही मालिकेत बघितलेलं सगळं इतिहास समजू नका. याच नावाची उस्मानी युद्धनौका 1890 साली जपानच्या किनाऱ्याजवळ वादळात बुडाली. पाचशेहून जास्त माणसं गेली, 69 वाचली.

उच्चाराचं म्हणाल तर तुर्की माणूस मधला 'ग' म्हणतच नाही, आधीचा स्वर लांबवतो: 'एर्तूरुल'. मुलाचं नाव ठेवणार असाल तर शाळेत त्याचा काय उच्चार होईल याचा आधी विचार करा!