बेसबॉलचा पहिला मोसम पाहताना
आपण मेजर लीग बेसबॉलचा मोसम प्रथमच पाहणार आहात, याचा मनापासून आनंद वाटतो. एकच संघ निवडावा आणि एप्रिलमधल्या निकालांवरून त्याची पारख करू नये, कारण 162 सामन्यांच्या या प्रवासात उत्तम संघही पन्नास-साठ सामने हरतो. 2019 मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्सने पहिल्या 50 पैकी 31 सामने गमावले होते. तोच संघ पुढे 93 विजय मिळवून वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम विजेतेपदाची मालिकाही जिंकला.

नवख्यांच्या दोन चुका हमखास दिसतात:
- क्रिकेटच्या सवयीने नजर फलंदाजावरच खिळते. ती पिचरवर, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूवर ठेवावी, कारण सामन्याचा रंग बहुधा तोच ठरवतो.
- दहापैकी तीनदाच हिट मिळवणारा (म्हणजे चेंडू टोलावून बाद न होता बेस गाठणारा) फलंदाज सामान्य वाटतो, प्रत्यक्षात तो उत्कृष्ट असतो.

प्रगत आकडेवारी तूर्त बाजूला ठेवावी. गुणतक्ता आठवड्यातून एकदा पाहिला तरी पुरेसे आहे.