‘पुण्यतिथी’, ‘सण’ की ‘स्मृतिदिन’?

चर्चच्या दिनदर्शिकेत ११ नोव्हेंबर हा स्मरणाचा दिवस असलेल्या तीन ख्रिस्ती संतांची चरित्रे मराठीत आणताना त्या दिवसाला ‘पुण्यतिथी’ म्हणावे की ‘सण’, असा प्रश्न एका अनुवादकाने विचारला आहे. हे तिघे म्हणजे फ्रान्समधील तूर शहराचे बिशप मार्टिन, इजिप्तमधील रक्तसाक्षी (श्रद्धेसाठी प्राण देणारे) मेनास आणि कॉन्स्टँटिनोपलच्या स्टुडिऑस मठाचे प्रमुख थिओडोर.

‘पुण्यतिथी’ हा शब्द भावार्थाने फार जवळचा आहे. संताचा मृत्यू हा त्याचा स्वर्गातील जन्म, अशी आद्य ख्रिस्ती समाजाची धारणा होती आणि म्हणूनच मृत्युदिनाला लॅटिनमध्ये ‘दिएस नातालिस’, म्हणजे जन्मदिवस, असे नाव पडले. आपल्याला यात नवल वाटू नये. सूफी संतांच्या मृत्युदिनाच्या उत्सवासाठी आपण वापरतो तो ‘उरूस’ हा शब्द मुळात अरबीतील विवाहवाचक शब्दावरून आला आहे आणि ज्ञानेश्वरांच्या समाधीलाही आपण ‘सोहळा’च म्हणतो. ‘तिथी’ चांद्र असते हा आक्षेपही मला फारसा टिकाऊ वाटत नाही, कारण लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आपण १ ऑगस्टलाच पाळतो.

खरी अडचण वस्तुस्थितीची आहे. थिओडोर यांचे निधन ११ नोव्हेंबर ८२६ रोजी झाले, त्यामुळे त्यांच्यापुरती ‘पुण्यतिथी’ चालेल. परंतु मार्टिन ३९७ मध्ये कांद या गावी वारले ते ८ नोव्हेंबरला, आणि ११ तारीख ही तूर येथील त्यांच्या दफनाची आहे. मिलानचे बिशप अँब्रोज यांच्या बाबतीत तर अंतर याहून मोठे आहे: मृत्यू ४ एप्रिलचा, पण त्यांचा दिवस ७ डिसेंबर, म्हणजे बिशपपदाच्या दीक्षेचा. बाप्तिस्मा करणारा योहान याचे तर दोन दिवस आहेत, २४ जूनला जन्माचा आणि २९ ऑगस्टला शिरच्छेदाचा. तेथे ‘जयंती’ आणि ‘पुण्यतिथी’ दोन्ही शोभतील.

‘सण’ हा शब्द संस्कृत ‘क्षण’पासून आला असून ‘क्षण’ला संस्कृतातही उत्सव हा अर्थ आहे. मराठी ख्रिस्ती लोक संताचा सण साजरा करतात, गोव्यात पोर्तुगीज ‘फेस्ता’वरून आलेले ‘फेस्त’ भरते. मात्र सणात माणसे, मिस्सा (चर्चमधील सामूहिक उपासना) आणि जेवणावळ गृहीत असते. मेनास यांचा आज कोठे उत्सव होतो हे सांगायचे नसून केवळ दिनदर्शिकेतील नोंद द्यायची असेल, तर ‘सण’ हा शब्द वाचकाला नको ते चित्र दाखवील.

तेव्हा चरित्राच्या शीर्षभागी ‘या तिघांचा स्मृतिदिन ११ नोव्हेंबर’ असे लिहावे आणि जेथे लोक खरोखर उत्सव करतात तेथे ‘सण’ म्हणावे. ‘सामायिक सणदिवस’ हे प्रश्नात सुचवलेले रूप मात्र टाळावे. ते शब्दकोश पुढ्यात घेऊन जुळवल्यासारखे वाटते.

जाता जाता: भिकाऱ्याला अर्धा कापून दिलेला मार्टिन यांचा झगा लॅटिनमध्ये ‘काप्पा’, तो जपून ठेवलेल्या जागेवरून आपले ‘चॅपेल’ आले आहे.