तारीख घालून लिही

प्रिय,

तुझा निरोप दोनदा वाचला. लॉकरवर खरवडलेला तो शब्द, बसमध्ये पाठीत फेकून मारलेली बाटली, आणि सांगायला गेलास तेव्हा सरांचं ‘मुलंच ती, चालायचंच’. मला सगळ्यात जास्त झोंबलं ते शेवटचं.

तुझ्याच अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या अ‍ॅशलंड गावच्या जेमी नबोझ्नीलाही असंच ऐकवलं होतं. तो समलिंगी आहे म्हणून त्याचा वर्षानुवर्षं छळ झाला. तक्रार केली की उत्तर यायचं, तू असा उघड वागतोस, मग हे होणारच. एका सकाळी शाळेतच पोटात इतक्या लाथा बसल्या की पुढे शस्त्रक्रिया करावी लागली. त्याने खटला भरला आणि १९९६ मध्ये अपील न्यायालयाने मुद्दा नेमका पकडला: मुलींना त्रास झाला की शाळा कारवाई करते, मग या मुलाच्या वेळी का नाही? अमेरिकेच्या संविधानाची चौदावी दुरुस्ती समान संरक्षण देते, ते त्यालाही लागू आहे. ज्युरीने शाळेच्या अधिकाऱ्यांना जबाबदार धरलं आणि नऊ लाख डॉलरहून जास्त भरपाईवर तडजोड झाली.

तू विचारलंस, टायटल नाइनमध्ये लैंगिक कलाचा उल्लेख आहे का. नाही. १९७२ चा तो कायदा संघराज्याचा पैसा घेणाऱ्या शाळांना लिंगावरून भेदभाव करायला मनाई करतो, एवढंच. समलिंगी म्हणून कामावरून काढणं हा लिंगभेदच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये बोस्टॉक खटल्यात म्हटलं. पण तो निकाल नोकरीबद्दलचा, शाळांना किती लागू यावर अजून भांडण चालू आहे. त्यामुळे आधी तुझ्या राज्याचा कायदा बघ. मॅसॅच्युसेट्सने १९९३ मध्येच विद्यार्थ्यांसाठी हे संरक्षण कायद्यात घातलं. सगळ्या राज्यांनी घातलेलं नाही, याचा मला फार राग येतो.

आता मुख्य गोष्ट. जॉर्जिया राज्यात पाचवीतल्या एका मुलीला वर्गातला मुलगा महिनोनमहिने त्रास देत होता. तिची बसायची जागा बदलायलाच तीन महिन्यांहून जास्त लागले. १९९९ मध्ये त्या डेव्हिस खटल्यात न्यायालयाने कसोटी घालून दिली: छळ गंभीर होता का, शाळेला तो खरोखर माहीत होता का, आणि माहीत असून शाळेने जाणूनबुजून दुर्लक्ष केलं का. म्हणजे ‘आम्हाला कुणी सांगितलंच नाही’ हीच शाळेची ढाल. ती काढून घे.

एक वही कर. तारीख, वेळ, जागा, शेजारी कोण उभं होतं. ‘वाईट बोलला’ असं नको, शिवी जशीच्या तशी लिही, हात थरथरला तरी. कुणाला सांगितलंस आणि त्यांनी काय उत्तर दिलं, तेही. मग त्याच संध्याकाळी मुख्याध्यापकांना आणि टायटल नाइन समन्वयकांना, म्हणजे या कायद्याखालच्या तक्रारी बघणाऱ्या माणसाला, मेल. तसा माणूस प्रत्येक शाळा जिल्ह्याला नेमावाच लागतो. संघराज्याच्या शिक्षण खात्याकडे जायचं झालं तर घटनेपासून १८० दिवसांत तक्रार करावी लागते, म्हणून तारखांचा घोळ नको.

आणि हे नीट ऐक: तू कोण आहेस हे त्या मेलमध्ये लिहायची काही गरज नाही. तुला काय म्हटलं, काय केलं, एवढं पुरे. घरी केव्हा सांगायचं ते तुझं तू ठरव. मात्र शाळेतून घरी फोन जाऊ शकतो, तो विचार मेल पाठवण्याआधी करून ठेव.

बाटलीची तारीख आठवत नसेल तर त्या आठवड्यात कोणती परीक्षा होती त्यावरून काढ. आज रात्रीच बस. मेल पाठवण्याआधी मला दाखव, मी जागा आहे.

तुझा,
काका